पहिला सिनेमा: तुम्ही बसला कुठं होतात?

पिटातला प्रेक्षक

मंडळी, 'आयुष्यातला पहिला सिनेमा' या विषयावर इथं आधीही धागे निघालेत. पण दर वेळी लोक सिनेमाची गोष्टच सांगत सुटतात. हिरो कोण होता, गाणी कुठली, व्हिलन कसा मेला. ते सगळं आता मोबाइलवर फुकट सापडतं. मला दुसरंच विचारायचंय. तुम्ही बसला कुठं होतात? जमिनीवर, बाकावर, बाल्कनीत, आईच्या मांडीवर? पडद्याच्या पुढं की मागं? पाच-सहा वर्षांच्या पोराला सिनेमा कळत नाही, जागा कळते, असं माझं ठाम मत आहे. खोडून काढायचं असेल त्यानं खुशाल काढावं.

माझं सांगतो. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, सत्तरचं दशक संपत आलेलं. यात्रा मार्गशीर्षात, त्यामुळं माणदेश-खटावाकडची थंडी काय असते ते तिकडच्यांना सांगायला नको. माळावर एकीकडं तमाशाचे फड, एकीकडं सिनेमाचे तंबू. प्रत्येक तंबूचा कर्णा शेजारच्या कर्ण्यावर ओरडणार. आजीनं घोंगडं काखेत मारलं, शेंगांचं गठुडं घेतलं आणि आम्ही दुसऱ्या खेळाला आत शिरलो. मधोमध दोरी. एकीकडं बाप्ये, एकीकडं बाया. मी अर्थातच बायांत, आजीच्या घोंगड्यावर.

सिनेमा कुठला होता विचाराल तर देव होता एवढं आठवतं. मी बघत होतो तो मशीनचा झोत. बाप्यांच्या बाजूनं बिडीचा धूर वर चढायचा, झोतात शिरला की एकदम निळा व्हायचा, वळसे घ्यायचा आणि पलीकडं गेला की नाहीसा. मध्येच रीळ संपायचं, बल्ब लागायचा, आणि सगळा तंबू बोलायला लागायचा. "आरं ये, शेंगा हायत्या का?" असं दोरीपलीकडून चुलता ओरडला की आजी पदरातल्या मूठभर शेंगा दोरीवरून पाठवायची. त्या चार अनोळखी हातांतून जात चुलत्याकडं पोचेपर्यंत निम्म्या व्हायच्या.

पुढच्या यात्रेला दारावरच्या माणसानं मला खालीवर बघितलं, "ह्यो आता बाप्या झाला" म्हणाला आणि दोरीच्या त्या बाजूला ढकललं. तिकडं घोंगडं नाही, शेंगा नाहीत, वर धूर नुसता डोळ्यांत.

आता तुमची जागा सांगा.

वाचनमात्र_मंजिरी

वाचनखूण साठवली. "ह्यो आता बाप्या झाला" 😄

सदाशिवपेठी तिरका

मी पडद्याच्या मागं बसलो होतो.

गणपतीत आमच्या गल्लीत सिनेमा दाखवायचे. एका वाड्याच्या गॅलरीपासून समोरच्या वाड्याच्या गॅलरीपर्यंत पांढरा कपडा ताणून बांधायचा, रस्त्यावर टेबल, टेबलावर सोळा मिलिमीटरचं मशीन. संध्याकाळी सहालाच लोक सतरंज्या टाकून जागा धरायचे. आम्ही उशिरा जेवणाऱ्यांपैकी, त्यामुळं आमच्या वाट्याला कायम पडद्याची मागची बाजू. कापड पातळ, चित्र दोन्हीकडून सारखंच दिसतं. फक्त उलटं.

तर माझ्या पहिल्या सिनेमातले सगळे लोक डावखुरे होते. नावं वाचता येत नव्हती, पण तेव्हा मला सुलटी नावंही वाचता येत नव्हती, त्यामुळं तक्रार नाही. शर्टाचा खिसा उजवीकडं. सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर. आमच्या वाड्यात मागच्या बाजूला एक गुजराती कुटुंब राहायचं, त्या काकूंचा पदर उजवीकडं असायचा. सबब सिनेमातली यच्चयावत मंडळी गुजराती आहेत, असा निष्कर्ष मी काढला आणि दुसऱ्या दिवशी त्या काकूंना जाऊन विचारलं की तुमच्या नात्यातले का हे सगळे. काकूंनी मला लाडू दिला आणि आईला बोलावून घेतलं.

मागच्या बाजूचा एक फायदा मात्र होता. मशीनचा खडखडाट तिकडं कमी ऐकू यायचा, आणि पुढच्या लोकांच्या डोक्यांऐवजी आम्हाला त्यांची तोंडं दिसायची. कापडाच्या खालून, अगदी पुढच्या रांगेतली. कोण रडतंय ते आधीच कळायचं.

माणदेशी

@पिटातला, तुमी आत तरी बसला. आमी भाईर पालथं पडून बघितला. कनातीची खालची कड बोटभर वर उचलायची आन् हनुवटी मातीत टेकवायची. फुडच्या लोकांच्या पाठी आडव्या यायच्या, त्यातनं पडद्याचा खालचा तुकडा दिसायचा. म्हंजी निस्तं पाय. घोड्याचं पाय, राजाचं पाय, नाचणारीचं पाय. मारामारी मातुर झ्याक दिसायची कारण पडल्याला माणूस आख्खा दिसायचा.

तंबूवाल्याचं एक गडी काठी घिऊन भाईरनं फिरायचं. त्ये आलं की पोटऱ्यांवर एक बसायची. मग दुसरीकडनं.

वाचनमात्र_मंजिरी

पडलेला माणूस अख्खा दिसायचा, हसून हसून पुरेवाट!

चिंचगोळी

मी पायरीवर. टॉकीज हाऊसफुल, ज्यादा बायका पायऱ्यांवर, आणि मी आईच्या पुढ्यात एक पायरी खाली. सिनेमा 'जय संतोषी माँ', साल १९७५. हे नाव सांगावंच लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत येताना लोक अनवाणी. माझ्या आईनं वहाणा पिशवीत घातल्या, कारण तिचा देवावर विश्वास होता, माणसांवर नव्हता. पडद्यावर देवी आली की पुढच्या रांगांतून नाणी उडायची, फुलं उडायची, कुणीतरी ताटात निरांजनसुद्धा आणलं होतं. माझ्या डोक्यावर एक पाच पैशांचं नाणं पडलं. ते मी खिशात टाकणार तेवढ्यात आईनं मनगट धरलं आणि तेच नाणं माझ्याच हातून पडद्याकडं फेकायला लावलं. माझा नेम काय लागणार! पुढच्या बाईच्या अंबाड्यात गेलं.

पण माझं खरं दुःख मध्यंतरातलं. टॉकीजबाहेर बोरं, कैरीच्या फोडी, चिंचेच्या गोळ्या घेऊन बायका बसलेल्या. मी वर्षभर ऐकून होते की सिनेमाला गेलं की चिंचगोळी मिळते. आणि आई म्हणते, आज शुक्रवार. संतोषीमातेचा शुक्रवार म्हणजे आंबट तोंडात घालायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. हातावर गूळ-चणे ठेवले. आता सांगा, नवा सिनेमा लागतो शुक्रवारी, आई नेते शुक्रवारी, म्हणजे मला आयुष्यात कधी चिंचगोळी मिळायचीच नाही! मी उरलेला सिनेमा रडून काढला. शेजारच्या बाईला वाटलं पोर किती भाविक. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

इथला माझा आयडी कुठून आला ते आता कळलं असेल.

ढेकूणमार

चिंचगोळीताई, दंडवत घ्या. एक शंका: ती नाणी शेवटी कुणाच्या खिशात जायची?

बाकी धाग्यात फार गोडगोड चाललंय म्हणून खडा टाकतो. मी बसलो होतो खुर्चीवर, आणि त्या खुर्चीत माझ्याआधी किमान तीन पिढ्या वस्तीला होत्या. ढेकणांच्या. लाकडी पट्ट्यांची घडीची खुर्ची, सांध्यासांध्यात वस्ती. दिवे गेले की कामाला लागायचे. हिरॉईन रडतेय आणि अख्खी रांग मांड्या खाजवतेय. घरी आल्यावर आजी दारातच थांबवायची. कपडे तिथंच उतरवायचे, अंगणात झटकायचे, मग घरात. भर थंडीत रात्री साडेबाराला मी चड्डीवर अंगणात उभा, ही माझी सिनेमाची पहिली आठवण. तंबूतलं घोंगडं बरं म्हणायची वेळ आली.

शिवाय पंख्याखालची जागा पकडायला धावपळ, पानाच्या पिचकाऱ्या, आणि पुढं एखादा फेटेवाला. एकपडदा टॉकीज बंद पडल्या म्हणून गळा काढणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, तुम्ही पिटात, म्हणजे पडद्यालगतच्या स्वस्त जागांत, बसला होतात की बाल्कनीत?

पिटातला प्रेक्षक

@ढेकूणमार, आयडी वाचा माझा.

@सदाशिवपेठी, पडद्याखालून पुढच्यांची तोंडं दिसायची, हे भारी आहे. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं.

कार्बनकांडी

मी बसलो नव्हतो. उभा होतो, केबिनमध्ये, पत्र्याच्या पेटीवर, चौकोनी भोकाला नाक लावून. वडील तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर.

केबिनमधून सिनेमा बघणं म्हणजे न बघितल्यात जमा. मशीनचा आवाज एवढा की संवाद भिंतीवरच्या छोट्या स्पीकरवर कान देऊन ऐकायचे. आणि उकाडा! मशीनच्या दिव्यात तेव्हा बल्ब नसायचा. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर, मध्ये फट, फटीत ठिणगी पेटती. कांड्या जळत जातात तशी फट वाढते. मग मुठीनं फिरवून जवळ आणायच्या, नाहीतर पडदा पिवळट पडतो आणि खालून शिट्ट्या येतात. वडील एका डोळ्यानं काळ्या काचेतून कांडी बघणार, दुसऱ्या डोळ्यानं पडदा. धूर जायला वर पत्र्याची चिमणी.

प्रेक्षक हिरॉईन बघतात, ऑपरेटर पडद्याचा वरचा उजवा कोपरा बघतो. रीळ संपत आलं की तिथं ठिपका चमकतो. पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की इकडची झडप बंद, तिकडची उघडी. खाली कुणाला पत्ता लागत नाही. मला वडिलांनी पहिल्या दिवशी ते ठिपके दाखवले आणि घात केला. अजूनही जुना सिनेमा लागला की माझी नजर त्या कोपऱ्यात जाते.

पिटातला, तुमच्या तंबूत एकच मशीन असणार, म्हणून दर रिळाला बल्ब. हिशोब सोपा आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी जातात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं. टॉकीजमध्ये दोन-दोन जोडून वीस-बावीस मिनिटांचं करायचे. सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसायचं त्यावर रिळांचा आकडा असायचा, आणि पब्लिक तो मोठ्यानं वाचायचं, आठवतंय का? "सोळाऽऽ!" असा एकच गलका. सोळा म्हणजे तीन तासांच्या जवळ, पैसे वसूल. बारा निघाली की पिटातून मालकाच्या नावानं शिव्या.

जळून उरलेल्या कांड्यांच्या थोटकांवर तांब्याचा मुलामा असायचा. शाळेत त्याला भाव होता. एका थोटकाला चार गोट्या. तुटलेल्या फिल्मच्या तुकड्यांचा भाव वेगळा, आणि त्यात हिरॉईन असेल तर विचारूच नका.

आरशातला कवडसा

अहो, ते तुकडे शेवटी आमच्याकडंच यायचे! गेलेला बल्ब घ्यायचा, मागचं टोपण काढून आतली तार काढायची, पाणी भरायचं. झालं भिंग. दाराच्या फटीतून आरशानं ऊन आत घ्यायचं, मध्ये फिल्मचा तुकडा, पुढं पाण्याचा बल्ब, समोर भिंतीवर चित्र. तुकडा उलटा धरायचा म्हणजे चित्र सुलटं पडतं. हलायचं नाही, पण रंग असा उतरायचा की बस. भाऊ बाहेर उन्हात आरसा धरून उभा, आत आम्ही सगळी भावंडं. सूर्य सरकला की भावाला ओरडायचं. मी पहिला सिनेमा माजघरात बघितला असं धरा. आरसा धरणाऱ्यानं मात्र तो कधीच पाहिला नाही.

नागपुरी संत्री

आमच्या नागपुरात टॉकीजचं नाव चौकाला आहे, व्हरायटी चौक. पण माझी आठवण खिडकीची आहे. तुम्ही आतलं विचारून राहिले, मी बाहेरचं सांगते.

बायकांची रांग वेगळी असायची अन् लहान असायची. मामानं म्हणून तर माझ्या आईला सोबत नेलं होतं, बहिणीवर प्रेम वगैरे काही नव्हतं. आम्ही रांगेत उभे झालो तर चार अनोळखी पोट्टे आले. "ताई, दोन तिकिटं आमची पण काढून द्या ना." आईच्या मुठीत कोणाकोणाचे पैसे. खिडकी म्हणजे भिंतीत एक भोक, एक हात जाईल एवढंच. आईनं हात आत घातला अन् मागून लोंढा आला. हात निघेना. आतला माणूस तिकिटं देऊन मोकळा झाला, पण मुठीत तिकिटं असली तर मूठ निघत नाही, मूठ उघडली तर तिकिटं पडतात. काचेच्या बांगड्या दोन तिथंच फुटल्या. शेवटी मी खाली बसून तिच्या हाताखालून माझा हात घातला, तिकिटं माझ्याकडं घेतली, तेव्हा आईचा हात बाहेर आला.

आत गेलो तर बसायला जागा कुठं मिळाली ते आठवतच नाही. पिटातला, तुमचा सिद्धांत अर्धाच खरा आहे म्हणा.

म्हापशेकार

गोव्याची हजेरी लावतो. आमच्याकडं टॉकीजची नावंसुद्धा ऐटीची. म्हापशात एल कापितान, पणजीत एल दोरादो, वास्कोत एल मोंते. पुढं आमच्या एल कापितानचं अलंकार झालं.

बाल्कनीची पहिली रांग, म्हणजे माझ्या दृष्टीनं कठड्याची रांग. कठडा माझ्या हनुवटीएवढा. दिवस शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. आईचा सगळा बाजार आटोपला होता आणि पिशवी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती खुर्चीखाली. पिशवीत सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. दिवे गेले, दारं बंद झाली, पडदे ओढले, आणि दहा मिनिटांत अख्ख्या बाल्कनीला कळलं. मागचा एक माणूस कुजबुजला, "कोण रे तो बाजार घेऊन आला?" बापूय कठड्याकडं बघत बसला, जणू पिशवी आपली नव्हेच. मध्यंतरात बॅटरीवाला आला आणि पिशवी दाराबाहेर नेऊन ठेवली. उरलेला सिनेमा आईनं दाराकडं मान वळवूनच पाहिला.

गिरगावची जुनी चाळ

पहिल्या सिनेमाचा धागा आणि फाळक्यांच्या पोराची गोष्ट अजून कुणी सांगितली नाही?

दादासाहेब आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले होते. १९१०-११ची गोष्ट. पडद्यावर जनावरं हलताना दिसली. पोरानं घरी येऊन आईला सांगितलं तर घरात कुणाचा विश्वास बसेना. म्हणून मग सगळ्यांना दाखवायला दुसऱ्या दिवशी परत नेलं, तर त्या खेळाला जनावरांऐवजी ख्रिस्ताचं चरित्र लागलेलं. तिथून पुढचं सर्वांना माहीत आहे. ख्रिस्ताच्या जागी फाळक्यांना राम-कृष्ण दिसायला लागले, आणि ३ मे १९१३ला गिरगावातच कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात रोहिदास कोण? हाच भालचंद्र. ज्याच्या पहिल्या सिनेमावर घरच्यांनी विश्वास ठेवला नाही, तो दोन वर्षांत पडद्यावर. आणि त्या आईनं, सरस्वतीबाईंनी, अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडली, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला. माझ्या लेखी त्या चित्रपटावर पहिलं नाव त्यांचं हवं होतं.

माझी स्वतःची जागा: वडिलांचे खांदे. लालबागच्या भारतमातामध्ये तिकीट संपलं, आम्ही बाहेरची पोस्टरं बघून परत. वडील गिरणीत, पाळी बदलायची होती, दुसऱ्या खेळाला थांबता येत नव्हतं. काचेच्या पेटीतले सिनेमाचे फोटो त्यांनी मला एकेक करून खांद्यावरून दाखवले आणि गोष्ट जागेवर रचून सांगितली. पुढं खरा सिनेमा पाहिला तेव्हा गोष्ट भलतीच निघाली. वडिलांची जास्त चांगली होती.

सदाशिवपेठी तिरका

@गिरगावची जुनी चाळ, ती रचलेली गोष्ट वेगळा धागा काढून लिहाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

माणदेशी

त्ये पोस्टरवालं लय आवाडलं.

चिंचगोळी

@ढेकूणमार, नाण्यांचं मला माहीत नाही. माझं अंबाड्यातलं त्या बाईनं घरी नेलं असणार. कार्बनकांडी सांगतील.

कार्बनकांडी

सांगतो, वडिलांकडून ऐकलेलं. खेळ सुटला की पहिला हक्क झाडूवाल्याचा. मग डोअरकीपर म्हणाला, पुढच्या रांगा माझ्या. मग मालकाच्या कानावर गेलं. मालकाला पैशांचं काही नव्हतं, पण पडद्याला बारीक भोकं असतात, मागच्या स्पीकरचा आवाज पुढं यावा म्हणून. त्यात लोकांच्या नाण्यांनी मोठी भोकं पडायला लागली. शेवटी त्यानं पडद्याच्या खाली एक पत्र्याचा डबा ठेवला आणि पाटी लावली: 'भाविकांनी देवीस दान डब्यात टाकावे, फेकून मारू नये.' दुसऱ्या दिवसापासून लोक डब्यावर नेम धरून नाणी मारायला लागले. ठण्ण आवाज आला की पिटातून टाळ्या. वडील म्हणायचे, त्या आठवड्यात अख्ख्या सिनेमात कुठं काय संवाद होते ते कुणालाही ऐकू आले नाहीत.

डबा झाडूवाल्यालाच मिळाला.